नऊ नंबरची बाई

रविवारी सकाळी फाटकाला बांबूची चौकोनी टोपली लटकलेली दिसली, तेव्हा पालुपीला आधी बरंच वाटलं. म्हणजे आज स्वयंपाकातून सुटका. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण टेबलावर पसरलेलं होतं, गुरुवारी सकाळी नऊ वाजता परीक्षकांसमोर उभं राहायचं होतं, आणि अशा वेळी कुणाच्या तरी घरच्या कार्याचं जेवण आपोआप चालत आलं तर कुणाला नको असतं? तिने उभ्याउभ्याच झाकण उघडलं. केळीच्या पानावर भात, कोंबडीचा तुकडा, तिखट बटाटे, अर्धं उकडलेलं अंडं आणि कोपऱ्यात तांदळाच्या पिठाचं एक गोडसर आपम. आपम तिला लहानपणापासून आवडतं. तेच तिने आधी तोंडात टाकलं आणि मग पानाखालची छापील चिठ्ठी काढून वाचली. ‘बू वागिराह यांच्या चाळिसाव्या दिवसानिमित्त. करांगवुनी.’ घास तोंडातच राहिला. बू म्हणजे बाई, चाळिसावा म्हणजे मरणानंतरचा, आणि करांगवुनी या खेड्यात वागिराह नावाची एकच बाई तिला ठाऊक होती, आणि त्या बाईने बारा दिवसांपूर्वी तिच्यासमोर बसून अठ्ठावीस प्रश्नांची उत्तरं दिली होती.

पहिल्यांदा तिने छापणाऱ्यावर खापर फोडलं. तेही काही फार अशक्य नव्हतं. एका खेड्यात एकाच नावाच्या दोन बायका असू शकतात, तारीख चुकू शकते, सातव्याच्या जागी चाळिसावा छापला जाऊ शकतो. पण सातवा धरला की हिशेब नेमका जुळत होता, आणि हेच तिला आवडलं नाही. म्हणजे बाई मुलाखतीनंतर वारली, आणि सगळं ठीक होतं. एखादी बाई योग्य वेळी मेली असती तर बरं झालं असतं, असा विचार आपण टोपली हातात धरून, तिच्याच नावाचं आपम चघळत करतो आहोत, हे लक्षात आल्यावर तिने घास गिळून टाकला आणि आत येऊन दार लावलं. मग उगाच कडीही लावली.

पालुपी अडतीस वर्षांची होती. जोग्जा शहरातल्या एका लहानशा खाजगी महाविद्यालयात ती अकरा वर्षं शिकवत होती, आणि डॉक्टरेट या वर्षअखेरपर्यंत हातात पडली नाही तर तिची जागा दुसऱ्याला मिळणार होती. प्राचार्यांनी हे इतक्या गोड आवाजात सांगितलं होतं की ती धमकी आहे हे तिला घरी पोचल्यावर कळलं. तिचा विषय होता, समाजाच्या भल्यासाठी निघालेले उद्योग कसे उभे राहतात आणि का टिकतात. त्यासाठी तिने करांगवुनीतला माडाच्या गुळाचा उद्योग धरला होता. पुरुष सकाळ-संध्याकाळ माडावर चढून नीरा काढतात, बायका ती चुलीवर आटवून भुरभुरीत गूळ करतात, आणि कुस्दिना नावाच्या एका बाईने उभी केलेली संस्था तो परदेशी धाडते. बायकांना नफ्यात वाटा, मुलांच्या शाळेची सोय, दवाखाना. असले उद्योग निघतात खूप. दोन-तीन वर्षांत निम्म्या बायका गळतात आणि उरलेल्या भांडतात. इथे सहा वर्षांत तीनदा पाहणी झाली, तिन्हीदा यादीतल्या बत्तीसच्या बत्तीस बायका हजर. एकही गळली नव्हती. तिच्या प्रबंधाचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा होता.

वागिराह यादीत नऊ नंबरला होती. पालुपीने फोनवरचं ध्वनिमुद्रण शोधून काढलं आणि कानाला लावलं. आधी टेबल सरकल्याचा आवाज, मग तिचा स्वतःचा. “नऊ. बू वागिराह?” “जी.” “कामाबद्दल समाधान, एक ते पाच?” “पाच जी.” “गट सोडावा असं कधी वाटलं?” “नाही जी.” “कधीच नाही?” “नाही जी.” साडेचार मिनिटांत अठ्ठावीस प्रश्न. “झालं. दहा.” तिने ते चार वेळा ऐकलं. ‘जी’ म्हणणारा आवाज बासष्ट वर्षांच्या बाईचा नव्हता. हे पहिल्याच ‘जी’ला कळत होतं, बहिऱ्यालासुद्धा कळलं असतं. पण तिला त्याहून जास्त त्रास झाला तो दुसऱ्या आवाजाचा. ही कोण बोलते आहे? टपालकचेरीतल्या खिडकीमागून ओरडावं तसं हे ‘झालं, दहा’ कोण म्हणतं आहे? त्या दिवशी समोर बसलेल्या बाईचा चेहरा आठवून पाहिला तर काही केल्या आठवेना. डोक्यावरचा तपकिरी रुमाल आठवला, हनुवटीखाली टाचलेली पिन आठवली, सही करतानाचा हात आठवला. त्या हातावर सुरकुत्या होत्या की नव्हत्या? वयाच्या रकान्यात तिने बासष्ट लिहिलं होतं. वय तिने विचारलंच नव्हतं. पहिल्या पाहणीतल्या छप्पन्नात सहा मिळवले होते.

मग संशयाने एकदा पाय पसरले ते पसरलेच. कुस्दिनाबाईंनी खोट्या बायका उभ्या केल्या असतील. का नाही? बाई पूर्वी बँकेत होत्या, त्यांना कागद कसे दिसायला हवेत हे कळतं. त्या सारख्या हसतात. सारखं हसणाऱ्या माणसाबद्दल पालुपीची आई म्हणायची, एवढे दात दाखवायला हिला वेळ कुठून मिळतो? आणि पाहणीच्या आदल्या आठवड्यात त्यांनी फोन करून विचारलं होतं, “नावं तीच ना, बू डोसेन? मागच्यासारखीच?” बू डोसेन म्हणजे प्राध्यापकबाई, करांगवुनीत सगळे तिला असंच म्हणत. त्या वेळी पालुपीला तो प्रश्न साधा वाटला होता. आता त्यातला एकेक शब्द तिने उलटसुलट करून पाहिला, बाजारात मासळीचे कल्ले उघडून पाहतात तसा. आणि ही टोपली? ती कुणी धाडली? संस्थेची गूळ घेऊन येणारी गाडी रविवारी शहरात येते, तिच्या चालकानेच लटकवली असणार. म्हणजे कुस्दिनाबाईंना ठाऊक असणार. म्हणजे त्यांना वाटतं आहे की मला कळावं. गुरुवारच्या आत. का? की दुसऱ्या कुणाला तरी वाटतं आहे? प्रबंध बुडावा असं कुणाला वाटेल याची यादी करायला ती बसली, आणि महाविद्यालयातली चार नावं झाल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली.

दुपारी तिच्या मार्गदर्शकांचा, गुनार्वान सरांचा फोन आला. ते आधीच आनंदात होते. “पालुपी, ते बत्तीस बायकांचं पान सगळ्यात पुढे घे. जगात सगळीकडे असले उद्योग बसतात, आणि तुझा उभा आहे. परीक्षकांना पहिल्या मिनिटाला तेच दिसू दे. मी तर मनिलाच्या परिषदेत सांगूनसुद्धा टाकलं.”

“सर,” ती म्हणाली, “समजा, एखादी बाई बदलली असेल तर?”

“बदलली म्हणजे?”

“म्हणजे तीच नसेल तर.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. चमचा कपावर आपटल्याचा आवाज आला. मग सर मोठ्याने हसले. “गुरुवारपर्यंत कुणी बदलत नाही हं. झोप नीट घे. तुझ्या आवाजात ताप आहे.” फोन ठेवल्यावर पालुपी त्या शांततेचाच विचार करत राहिली. तीन सेकंद? चार? ठाऊक नसलेला माणूस लगेच विचारतो, कोण बदललं, कधी, कसं. सरांनी काही विचारलं नाही. त्यांना ठाऊक होतं? की त्यांना ठाऊक करून घ्यायचं नव्हतं? या दोन गोष्टींत फरक आहे का, असला परीक्षेचा प्रश्न ती आपल्या विद्यार्थ्यांना घालत असे, आणि उत्तर स्वतः कधी लिहून पाहिलं नव्हतं.

तिला पहिली पाहणी आठवत राहिली. सहा वर्षांपूर्वी तिच्याकडे टेबल नव्हतं, छापील तक्ता नव्हता, बत्तीस घरी बत्तीस दिवस ती गेली होती आणि जमिनीवर बसली होती. वागिराहच्या घरात धुराने डोळे चुरचुरायचे. मोठ्या काळ्या कढईत नीरा उकळायची, फेस कडेपर्यंत चढायचा, आणि आता उतू जाणार असं वाटेतो वागिराह चिमूटभर खवलेला नारळ त्यात टाकायची. फेस मुकाट खाली बसायचा. पालुपीला तो प्रकार इतका आवडला होता की तिने दोनदा पुन्हा करून दाखवायला लावला. “तू विचारत बसशील आणि माझा गूळ करपेल,” वागिराह म्हणाली होती. “हे घे, ढवळ. ढवळत विचार.” मग पालुपीने तासभर ढवळलं आणि एकच प्रश्न विचारून झाला. गट का सोडला नाहीस? तेव्हा गट जेमतेम वर्षाचा होता. वागिराह खूप हसली होती. “सोडून जाऊ कुठे? चूल काय डोक्यावर घेऊन जाऊ?” त्या दिवसाच्या वहीच्या पानावर अजून गुळाचा चिकट डाग होता. पालुपीने वही उघडून डागावर बोट ठेवलं. मुंग्यांनी तो केव्हाच साफ केला होता, नुसता रंग उरला होता. ती बाई गेली. चाळीस दिवस झाले. आणि आपण सकाळपासून तिच्यासाठी एक टिपूससुद्धा काढलं नाही, नुसता गुन्हेगार शोधतो आहोत.

संध्याकाळी चार वाजता गल्लीत बायका जमायच्या होत्या. दोन घरं सोडून एका मुलीचं लग्न होतं, आणि लग्नघरच्या स्वयंपाकाला गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक बाई जाते. यात बोलावणं नसतं आणि नकार तर नसतोच. पालुपीला जायचं नव्हतं. पण न जाण्याची कारणं मनात जुळवताना तिला जाणं सोपं वाटलं. मांडवाच्या खांबाला पांढरा फळा टांगला होता, त्यावर कामं वाटलेली. भात, कोंबडी, चहा, नारळ. पारियेम नावाची सत्तरीची बाई मोठमोठ्याने हजेरी घेत होती. तिचा आवाज नदीपलीकडे ऐकू जातो असं गल्लीत म्हणत, आणि पलीकडचे लोकही ते कबूल करत.

“नारळ! बू मार्तो आल्या का?”

“आले,” पालुपी म्हणाली, आणि खवणी ओढून बसली.

“आली का डॉक्टरीण! बघा गं, चष्मा लावून नारळ खवते. डोळे फुटले पुस्तकं वाचून.”

“चष्मा काढला तर बोटं खवीन, बू.”

“बोटं खव, पण बारीक खव. मागल्या वेळी पाहुण्यांच्या दातांत अडकत होतं.” बायका हसल्या. “आणि डॉक्टर झालीस की येशील का? की गड्याला धाडशील?”

“गड्याला धाडलं तर तुम्ही त्याला बू मार्तो म्हणणार का?” पालुपी थट्टेने म्हणाली, आणि तिचा हात थांबला. खवणीवर अर्धी कवटी तशीच राहिली. बू मार्तो म्हणजे तिची आई. आई जाऊन तीन वर्षं झाली होती. आई आजारी पडली तेव्हापासून, म्हणजे चार, नाही, पाच वर्षं, पालुपी या नावाला ‘आले’ म्हणत होती. लग्नात, बारशात, मयतीच्या स्वयंपाकात, नदीकाठ झाडायच्या रविवारी. एकदाही तिच्या मनात आलं नव्हतं की आपण खोटं बोलतो आहोत. एकदाही कुणी तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं नव्हतं.

“बू पारियेम,” तिने विचारलं, “तुम्ही अजून आईचंच नाव का लिहिता?”

“मग कुणाचं लिहू?”

“माझं. मी येते ना.”

“तू येतेस ते दिसतंय की. तुझं नाक पुसलंय आम्ही, तुला ओळखत नाही का?” पारियेमने डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं. “पण उद्या तू नाही आलीस तर तुझी भावजय येईल, मग काय रोज फळा पुसू? घर तेच ना? घर आलं की झालं.”

पालुपी मान खाली घालून खवत राहिली. आधी तिला हायसं वाटलं. कुणी फसवलं नव्हतं. कुस्दिनाबाईंनी नाही, सरांनी नाही. करांगवुनीतही घरच आलं होतं. सासू थकली म्हणून सून आली, आई गेली म्हणून लेक आली, आणि नाव पुकारल्यावर त्यांनी ‘जी’ म्हटलं, कारण नाव घराचं होतं. यात लपवाछपवी असती तर त्यांनी टोपली धाडली असती का, चिठ्ठी घालून? आणि मग, तिसऱ्या नारळापाशी, ते हायसं वाटणं कुठल्या कुठे गेलं. कारण आता संशय घ्यायला एकच माणूस उरलं होतं. हे सगळं मला ठाऊक नव्हतं का? परक्या देशातून आलेला कुणी गोरा संशोधक चुकला असता तर त्याला माफ होतं. मी तीन वर्षं मेलेल्या बाईच्या नावाने नारळ खवते आहे. मी चेहरे पाहिले नाहीत, वयं विचारली नाहीत, सहा मिळवले आणि पुढे गेले. मला दिसलं नाही, की दिसू नये अशी मी बसले होते, टेबलामागे, मान खाली घालून? पारियेम ओरडली, “एवढा पुरे, डॉक्टरीणबाई, खवणी झिजली!” तेव्हा ती भानावर आली.

सोमवारी तिने महाविद्यालयात तास घेतले, आणि मधल्या वेळात ध्वनिमुद्रणं ऐकली. दुसऱ्या पाहणीतला अकरा नंबर आणि तिसऱ्या पाहणीतला अकरा नंबर या दोन बायका होत्या. वीस नंबर पहिल्या दोन्हींत खोकत होती, तिसरीत खोकत नव्हती आणि बोबडं बोलत होती. कानाला एवढं कळत होतं, कागदाला मात्र काहीच कळलं नव्हतं. गुरुवारी कुणी ध्वनिमुद्रणं ऐकायला मागणार नव्हतं. हेही तिने मनाशी पक्कं करून घेतलं, आणि पक्कं करून घेतल्याचा तिला राग आला.

मंगळवारी लेगी होता, म्हणजे पाच दिवसांच्या बाजाराच्या आठवड्यातला तो दिवस, जेव्हा करांगवुनीच्या बायका गूळ घेऊन संस्थेच्या पडवीत येतात. पालुपी मोटारसायकलवरून दीड तासाने तिथे पोचली. कुस्दिनाबाई दारातच होत्या. आधी चहा झाला, मग रस्त्याचं, मग पावसाचं, मग पालुपीच्या तब्येतीचं. जे विचारायचं असतं ते इथे सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू विचारतात, आणि पालुपीने तसंच विचारलं.

“बू वागिराह गेल्या म्हणे.”

“हो ना. फार सोसलं. तीन वर्षं अंथरुणावर होती.” कुस्दिनाबाई आज हसत नव्हत्या. “तुम्हाला टोपली मिळाली ना? गाडीवाल्याला दोनदा बजावलं होतं.”

“मिळाली.” पालुपीने कप खाली ठेवला. “मग तीन वर्षं कोण येत होतं?”

“सून. का?”

“यादीत वागिराहच आहे.”

“मग? त्याच घरची आहे ना?” कुस्दिनाबाईंना प्रश्नच कळला नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि पालुपी तो चेहरा इतक्या बारकाईने पाहत होती की त्या अवघडल्या. “काही चुकलं का, बू डोसेन? तुम्ही म्हणालात, नावं तीच ठेवा. म्हणून मी विचारलंही होतं फोनवर. तुम्ही म्हणालात, तीच.”

“अशी किती घरं बदलली?”

“घरं? एकही नाही.” मग त्यांना काहीतरी उमगलं. “ओ. तुम्ही बायका मोजत होता?” त्या जराशा हसल्या, पण ओशाळून. “आम्ही चुली मोजतो. बायका काय, कुणी हाँगकाँगला घरकामाला जातं, कुणाचं बाळंतपण, कुणी मरतं. एकोणीस बदलल्या असतील. पण चूल एक विझली नाही. हेच तुम्ही लिहिणार होता ना? हे तर खरंच आहे.”

खरंच होतं. पालुपीला क्षणभर वाटलं, यातून वाट निघेल. ‘बायका’ खोडून ‘चुली’ लिहायचं. डोलारा राहील, पान राहील, मनिलाची परिषद राहील, नोकरी राहील. एका शब्दाचा तर प्रश्न होता. ती तेवढ्यावर चहा पिऊन परत गेली असती, अगदी निघण्याच्या बेतात होती, पण तेवढ्यात पडवीत तपकिरी रुमालाची बाई गुळाची गोणी उतरवून घाम पुसत उभी राहिली, आणि हनुवटीखालची पिन पालुपीने ओळखली. बाई कसली, पोरगीच होती. सव्वीस, फार तर सत्तावीस. पालुपी तिच्याजवळ गेली, तशी तिने घाईघाईने हात पुसले.

“मी वागिराह, नऊ नंबर,” ती आपणहून म्हणाली.

“तुझं नाव काय?”

पोरीने कुस्दिनाबाईंकडे पाहिलं, मग गोणीकडे. “माझं? का?”

“लिहायचं आहे.”

“लिहिलं तर जागा जाते का?” तिच्या आवाजात आता सरळसरळ संशय होता. “सासूबाईंच्या नावावर दवाखाना आहे, लेकराची शाळा आहे. माझं नाव घालून ते काढणार असाल तर मी वागिराहच बरी.”

“काही काढणार नाही.”

“मागे तपासणीवाले आले, तेही असंच म्हणाले होते.” तिने बराच वेळ पालुपीचा चेहरा न्याहाळला. मग हळूच म्हणाली, “रियांती.”

“रियांती, आधी काय करत होतीस?”

“बाताम बेटावर होते. कारखान्यात. मोबाइलच्या आत ते बारीक बारीक असतं ना, ते जोडायचे. सुपरवायझर होणार होते.” हे सांगताना तिची मान आपोआप ताठ झाली. “सासूबाई पडल्या, तर नवरा म्हणाला, ये. चूल बंद पडली तर जागा जाते, आणि जागा गेली की परत मिळत नाही. दीर आहेत, पण त्यांच्या बायका आधीच एकेका नावावर बसलेल्या.”

“इथून सोडून जावं असं कधी वाटलं?”

“रोज,” रियांती म्हणाली.

“मग मुलाखतीत ‘नाही’ का म्हणालीस?”

“तुम्ही वागिराहला विचारलं होतं. त्यांना नव्हतं वाटत.” ती अगदी सहज म्हणाली. “त्यांना हे आवडायचं हो. त्या मरेपर्यंत विचारत होत्या, फेस चढला का, नारळ टाकलास का. मी त्यांच्या वतीने खरंच सांगितलं.”

पालुपीला पडवीत कुठेतरी बसावंसं वाटलं. कोपऱ्यात तेच टेबल होतं ज्यामागे ती चौदा दिवसांपूर्वी बसली होती, आणि त्यामागे बसणं तिला नको झालं. ती उंबऱ्यावर बसली. कुणी गळत नाही, हे खरं. कारण कुणाला गळताच येत नाही. एक हललीच, तर घर दुसरीला बाताममधून उचलून आणून त्या नावात बसवतं. आणि हे तिने ‘समाधान, पाचपैकी पाच’ असं लिहिलं होतं, बत्तीस वेळा, सुबक अक्षरात. तिला एकदम आईचा शेवटचा उन्हाळा आठवला. ओसाकाहून आलेलं संशोधनाचं बोलावणं, ते नाकारतानाचं पत्र, आणि पारियेमचा फळा. तिला तेव्हा कुणी विचारलं असतं, गल्ली सोडावी असं वाटतं का, तर आईच्या नावाने तीही ‘नाही’ म्हणाली असती. तिने फोन काढला आणि गुनार्वान सरांना लिहिलं, ‘सर, गुरुवारी मी उभी राहू शकत नाही. बत्तीसपैकी एकोणीस बायका त्या नाहीत. टिकण्याचं कारण मी चुकीचं लिहिलं आहे. पुन्हा लिहावं लागेल.’ वर्षअखेरीला काय होईल ते तिला स्वच्छ दिसत होतं, प्राचार्यांचा गोड आवाजसुद्धा ऐकू येत होता.

रियांती अजून तिथेच उभी होती. तिला काहीतरी विचारायचं होतं आणि ती योग्य वेळ पाहत होती.

“टोपली त्यांना पोचली ना?” तिने शेवटी विचारलं.

“कुणाला?”

“पहिल्या बू डोसेनना. सासूबाईंनी मुद्दाम सांगून ठेवलं होतं, मी गेले की तिला आपम धाड, तिला आवडतं. आमच्या चुलीपाशी बसायच्या, ढवळायच्या, खूप हसायच्या म्हणे. मी कधी पाहिलं नाही त्यांना. गाडीवाला म्हणाला, त्या घरी तुम्हीच असता.” तिने आवाज खाली आणला. “तुम्ही त्यांच्या जागी येता ना? त्या वारल्या का?”

पडवीत बायका गोण्या सरकवत होत्या. फोन खिशात वाजायला लागला, सरांचा असणार. तिने तो वाजू दिला.

“आजारी होत्या,” ती म्हणाली. “तुझी चूल पेटलेली आहे का आत्ता?”

“आहे. सकाळची नीरा चढवूनच आले. पण आज यादी कुठे आहे?” रियांतीच्या कपाळावर पुन्हा आठी आली. “आज तर मुलाखत नाही.”

“नाही,” पालुपी म्हणाली, आणि उठली. “मी ढवळते. तू बोल.”